पडद्यांचे हूक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं येईल. पडदा टांगावयाचा हूक ही काय भाषण करण्यासारखी वस्तु आहे? दुकानांत गेलें, मूठभर हूक मागितले, पुडींत बांधून घेतले, काम झालें. पडद्याच्या कापडासाठीं आपण चार दुकानें पालथीं घालतों, त्याचा रंग भिंतीशीं जुळतो कीं नाहीं यावर घरांत दोन दिवस वाद होतो. परंतु तो पडदा ज्याच्यावर लोंबणार त्या हुकाची चौकशी कोणी करीत नाहीं. ती आज आपण करूं. ज्या घरांत नुकतें चालूं लागलेलें मूल आहे, किंवा साठी उलटलेलें माणूस आहे, त्या घरांत पडदा कशानें टांगला आहे या प्रश्नाचा डोक्याशीं आणि हातापायांशीं प्रत्यक्ष संबंध येतो. म्हणून ही चौकशी अगदींच रिकामपणाची नाहीं.

हुकाला आपला जुना शब्द आंकडा. तो चांगला आहे; पण माझा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेल्यामुळें मी 'आंकडे मोजा' म्हटलें कीं ऐकणाराचा घोटाळा व्हावयाचा. तेव्हां दुकानदार म्हणतो तो हूकच आपण चालवूं.

प्रथम हिशेब. समजा, दिवाणखान्याची खिडकी ५ फूट रुंद आहे. पडदा बाजूला सारल्यावर त्यानें खिडकी अडवूं नये, उजेड आणि वारा मोकळा यावा, म्हणून दांडा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच अधिक घेतला; तो झाला ६ फूट. पडद्याला चांगल्या चुण्या पडावयाच्या तर कापडाची रुंदी दांड्याच्या दुप्पट तरी पाहिजे. म्हणजे १२ फूट कापड, दोन पडद्यांत विभागलेलें. प्रत्येक पडदा पसरला असतां ६ फूट, आणि चुण्या घातल्यावर ३ फूट, म्हणजे ३६ इंच. दर ३ इंचांवर एक हूक लावावयाचा तर एका पडद्याला हूक किती? वर्गांत असा प्रश्न घातला कीं बहुतेक मुलें 'बारा' म्हणत. बारा ही मधल्या अंतरांची संख्या झाली. हूक दोन्ही टोंकांना असतो, म्हणून हूक तेरा. बाराच्या हिशेबानें हूक आणणारीं मोठीं माणसेंही मीं पाहिलीं आहेत, आणि त्या तेराव्या हुकावांचून पडद्याचा एक कान वर्षानुवर्षें लोंबत राहिलेला पाहिला आहे.

आतां वजन. मध्यम जाडीच्या सुती कापडाचें वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास असतें. ६ फूट रुंद आणि ७ फूट लांब असा पडदा सुमारें ३.९ चौरस मीटर भरतो. त्याचें वजन झालें ७८० ग्रॅम. तेरा हुकांत तें वांटलें तर प्रत्येकाच्या वांट्याला ६० ग्रॅम येतात. कोंबडीचें एक अंडें जवळजवळ इतक्याच वजनाचें असतें. अस्तर लावलें, मखमल घेतली, तरी दोन-तीन अंडीं. एवढ्या भारानें मोडेल इतका वाईट हूक बाजारांत शोधूनही सांपडणार नाहीं. म्हणून 'मजबूत हूक द्या' असें सांगून जाडजूड लोखंडी हूक आणणें, यांत पैशाशिवाय दुसरें कांहीं खर्च होत नाहीं, आणि लाभही होत नाहीं.

मग पडदे पडतात कां? पडदा नुसता लोंबत असता तर पडलाच नसता. परंतु तो दिवसांतून चार वेळां ओढला जातो. सकाळीं बाजूला सारतांना आपण त्याची मधली कड धरतों आणि झटका देतों. हा झटका तेरा हुकांत वांटला जात नाहीं. तो कडेच्या पहिल्या एक-दोन हुकांवर येतो, आणि एखादी कडी दांड्यावर अडखळली तर सगळा त्यांच्यावरच येतो. म्हणून मधल्या कडेच्या हुकाशेजारीं, एक इंचाच्या अंतरावर, आणखी एक हूक लावून ठेवणें चांगलें. भिंतीकडच्या टोंकाला युक्ति निराळी आहे. तेथील शेवटची कडी ब्रॅकेटच्या बाहेर, दांड्याच्या टोंकाचें टोपण आणि ब्रॅकेट यांच्या मध्यें ठेवावी. मग पडदा कितीही ओढला तरी त्याची बाहेरची कड जागची हलत नाहीं, आणि सायंकाळीं पडदा लावल्यावर बाजूच्या फटींतून समोरच्या इमारतींतील मंडळींना आपलें जेवणाचें ताट दिसत नाहीं.

ओढीचा दुसरा प्रकार अधिक गंभीर. दांडा ज्या ब्रॅकेटवर बसतो तें भिंतीपासून पुढें आलेलें असतें, कारण खिडकीच्या दारांना आणि कड्याकोयंड्यांना न घांसतां पडदा सरकला पाहिजे. समजा, तें ४ इंच पुढें आहे, आणि त्याचा वरचा स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या कडेपासून २ इंच उंचीवर आहे. ही सरळ तरफ झाली. दांड्यावरचा भार ४ इंचांच्या भुजेनें खालीं ओढतो. त्याला अडविणारा स्क्रू २ इंचांच्या भुजेनें अडवितो. म्हणून त्या टोंकावर जेवढा भार, त्याच्या दुप्पट ओढ वरच्या स्क्रूला भिंतींतून बाहेर खेंचते. १२ किलो वजनाचें मूल त्या टोंकाशीं पडद्याला लोंबकळलें तर स्क्रूवर २४ किलोंची ओढ येते. आणि मूल स्वस्थ लोंबकळत नाहीं, तें हिसके देतें.

आतां माझें मुख्य म्हणणें सांगतों. कापड, त्यावरची पट्टी, पट्टींतला हूक, हूक अडकतो ती कडी, कडीचा दांडा, दांड्याचें ब्रॅकेट, ब्रॅकेटचा स्क्रू, स्क्रूची गिट्टी आणि शेवटीं भिंत, अशी ही सांखळी आहे. अधिक ओढ आली कीं सांखळींतला जो दुवा सर्वांत दुबळा तो प्रथम सुटणार. तेव्हां विचारावयाचा प्रश्न असा कीं, सुटावयाचेंच असेल तर काय सुटावें? स्क्रू सुटला तर दांडा खालीं येतो. ६ फुटांचा स्टीलचा दांडा किलो-दीड किलोचा असूं शकतो, आणि तो सात फुटांवरून येतो. हूक सुटला तर खालीं येतें तें कापड. विजेच्या फळीवर फ्यूजची तार मुद्दाम नाजूक ठेवतात, ती वितळावी आणि घर वांचावें म्हणून. माझ्या मतें पडद्याच्या सांखळींत हूक हा फ्यूज असावा. रोजची ओढ त्यानें बिनतक्रार सोसावी. परंतु मूल लोंबकळलें तर सर्वांच्या आधीं त्यानें हार खावी.

ही नुसती कल्पना नव्हे. आमच्या इमारतींत एका बिऱ्हाडीं दोन वर्षांचा मुलगा लपाछपी खेळतां खेळतां दोन्ही हातांनीं पडद्याला लोंबकळला. पडद्याला स्टीलचीं गोल भोंकें, त्यांतून ओंवलेला स्टीलचा दांडा, आणि ब्रॅकेट मात्र गिलाव्यांतल्या एक इंची स्क्रूंवर. दांडा एका बाजूनें सुटून मुलाच्या कानाजवळून फरशीवर आदळला. फरशीचा टवका उडाला. खालच्या मजल्यावर असाच प्रसंग नायलॉनच्या हुकांवरील पडद्याला आला. तेथें हूक एकामागून एक, जणूं शिवण उसवावी तसे, चार सुटले; मूल कापडासकट खालीं बसलें आणि घाबरून रडलें. आईनें त्याला उगें केलें आणि चार नवे हूक लावले. हूक असे एकेक करून सुटतात हाच त्यांचा मोठा गुण. अर्थात् मुलांनीं पडद्याला लोंबकळावें असें मी म्हणत नाहीं. पण मुलें भाषण ऐकून लोंबकळायचीं थांबत नाहींत.

म्हणून हुकाची निवड भिंतीपासून सुरू करावी. आपल्याकडे आंतल्या बाजूचा गिलावा बहुधा १२ ते १५ मिलिमीटर जाड, म्हणजे अर्ध्या इंचाचा असतो. एक इंची स्क्रूचें अर्धें अंग गिलाव्यांतच राहतें. आणि गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे, अंग नव्हे. चांगलें बसविलेलें ब्रॅकेट असें असतें: ८ मिलिमीटर जाड व ४० मिलिमीटर लांब गिट्टी, तिच्यासाठीं ८ मिलिमीटरचेंच भोंक ६० मिलिमीटर खोल, गिट्टी गिलावा ओलांडून विटेंत सारलेली, आणि तिच्या सबंध लांबींतून जाणारा ६० मिलिमीटरचा स्क्रू. भोंक गिट्टीहून मोठें झालें तर त्यांत आगपेटीच्या काड्या कोंबणारे कारागीर आहेत. त्यांना चहा द्यावा, पण काड्या काढावयास लावाव्या.

या गिट्टीचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. पूर्वी भिंतींत स्क्रू घ्यावयाचा तर सुतार छिनीनें खळगा पाडून त्यांत लांकडाचा ठोकळा बसवी. ठोकळा आंतून रुंद आणि तोंडाशीं अरुंद, म्हणजे चुन्यांत बसल्यावर तो ओढून निघत नसे. काम पक्कें, परंतु त्यासाठीं निम्मी भिंत फोडावी लागे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतींना धक्का न लावतां विजेचीं उपकरणें बसविण्याच्या कामांतून जॉन रॉलिंग्ज यानें १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची गिट्टी काढली. कित्येक जुने कारागीर तिला अजून 'रॉल प्लग' म्हणतात. पुढें १९५८ मध्यें आर्थर फिशर या जर्मन गृहस्थानें नायलॉनची गिट्टी केली, आणि आज आपल्या घरोघरीं असलेली गिट्टी त्याच वंशांतली. तिचें तत्त्व सोपें आहे: स्क्रू आंत शिरतो, गिट्टी फांकते, आणि फांकलेली गिट्टी भोंकाच्या भिंतींवर दाब देऊन घट्ट धरते. स्क्रू आखूड असला तर गिट्टीचें टोंक फांकतच नाहीं, आणि सारी मेहनत फुकट जाते.

खिडकीच्या डोक्यावर मात्र बहुधा वीट नसून काँक्रीटची छावणी असते. तीत साध्या यंत्रानें भोंक पडत नाहीं. ठोके देणारें यंत्र लागतें. पुष्कळदा मिस्त्री बोटाच्या पेराएवढें भोंक पाडून दमतो, गिट्टी कापून बसवितो आणि 'चालतंय' म्हणतो. तेथें आपण उभें राहिलें पाहिजे. भोंकांत तार घालून खोली मोजावी. यांत कोणाचा अपमान होत नाहीं. काम सुरू होण्यापूर्वीं विजेच्या फळीकडेही पाहावें, कारण तिच्यापासून निघालेल्या तारा भिंतीच्या पोटांतून सरळ वर किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषेंत भोंक पाडूं नये. नवीन इमारतींत हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांना ठोके न देतां भोंक पाडावें आणि त्यांच्यासाठीं केलेली निराळी, लांब गिट्टी घ्यावी. छताखालीं लावलेल्या प्लास्टरच्या पातळ फळ्यांवर दांडा टांगावयाचा असेल, तर आंत लांकूड आहे याची खात्री झाल्यावांचून टांगूं नये. जुन्या वाड्यांतील मंडळी या बाबतींत सुखी. सागवानी चौकटींत स्क्रूहून बारीक भोंक पाडावें, स्क्रूला थोडा साबण लावावा आणि फिरवावा. नातवंडांपर्यंत काळजी नाहीं.

भिंत पक्की झाली. आतां हुकांचे प्रकार पाहूं. आज घरोघरीं अधिक चालतो तो पट्टीचा हूक. पडद्याच्या माथ्याला पाठीमागून ३ इंच रुंदीची एक पट्टी शिवलेली असते. तिच्यांतून दोऱ्या ओंवलेल्या असतात, त्या ओढल्या कीं चुण्या पडतात. आणि तिच्यावर लहान लहान खण असतात, त्यांत हूक अडकवितात. या खणांच्या आडव्या ओळी असतात, आणि सारें मर्म कोणत्या ओळींत हूक घालावा यांतच आहे. दांडा शोभेचा असेल, लांकडी किंवा पितळी असेल, आणि त्यावर कड्या असतील, तर हूक सर्वांत वरच्या ओळींत घालावा. पडदा कड्यांच्या खालून लोंबतो आणि दांडा दिसतो. उलट दांड्याच्या जागीं साधी पन्हळीची पट्टी असेल, तिच्यांत सरकणाऱ्या गोट्या असतील, आणि ती झांकावयाची असेल, तर हूक खालच्या ओळींत घालावा. पडद्याचा माथा हुकाच्या वर दोनेक इंच उभा राहतो आणि पन्हळ आपोआप झांकली जाते. हें न कळल्यामुळें पडदा दोन इंच आखूड झाला म्हणून शिंप्याशीं भांडणारे लोक आहेत. शिंप्याचें काम चोख असतें. हुकाची ओळ चुकलेली असते.

याच कारणानें पडद्याची लांबी खिडकीच्या माथ्यापासून मोजूं नये. दांडा बसवावा, कडी अडकवावी, आणि कडीच्या खालच्या डोळ्यापासून फरशीपर्यंत फीत सोडावी. त्यांतून अर्धा ते एक इंच वजा करावा, म्हणजे फरशी पुसतांना पडद्याची कड ओली होत नाहीं. वरच्या ओळीपासून पट्टीच्या माथ्यापर्यंतचें जें थोडें अंतर, तें त्यांत मिळवावें. दोऱ्या ओढून चुण्या घातल्यावर उरलेली लांब दोरी कापण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती कापूं नये. पडदा धुण्यापूर्वीं चुण्या सोडून तो सपाट करावा लागतो. तिची गुंडाळी बाहेरच्या कडेला, पाठीमागें, उंच बांधून ठेवावी. उंच यासाठीं कीं, मुलाच्या हाताला लागेल अशी कोणतीही लोंबती दोरी, आणि विशेषतः फांसासारखी वळलेली दोरी, खिडकीपाशीं ठेवणें धोक्याचें आहे. अशा दोऱ्यांनीं लहान मुलांचे गळे आंवळले गेल्याचीं उदाहरणें अनेक देशांत घडलीं आहेत. त्याच कारणानें पाळणा किंवा पलंग खिडकीला लागून ठेवूं नये.

दुसरा प्रकार टोंचणीचा हूक. हा पोलादी तारेचा असून त्याचें एक अंग सुईसारखें टोंकदार असतें. शिंप्यानें माथ्यांत बकरम घालून बांधीव चुण्या शिवल्या असतील तेव्हां हाच हूक लागतो. तो पाठीमागून, चुणीच्या मुळाशीं, खालून वर टोंचावयाचा. टोंक थरांच्या मध्येंच राहिलें पाहिजे, दर्शनी बाजूस येतां कामा नये. तेराही हूक माथ्यापासून अगदीं सारख्या अंतरावर टोंचले नाहींत तर पडद्याची वरची रेघ लाटेसारखी दिसते. म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक खूण करून ती प्रत्येक चुणीला लावून पाहावी. जड पडद्याला हा हूक उत्तम. परंतु तो नायलॉनच्या हुकाप्रमाणें सहजासहजीं सुटत नाहीं, तेव्हां ज्या घरांत तो वापरावयाचा तेथें भिंतींतील काम दुप्पट काळजीनें करावें.

स्वयंपाकघरांतल्या ओट्याखालीं किंवा कपाटाला स्प्रिंगची तार आणि दोन टोंकांना दोन स्क्रूचे हूक, एवढ्यावर काम भागतें. तार जागेपेक्षां दोन-तीन इंच आखूड कापावी आणि ताणून अडकवावी. मात्र तिच्यावर पातळ कापडच घालावें. जवळजवळ आडव्या ताणलेल्या तारेच्या मध्यावर थोडें वजन टांगलें तरी टोंकांना पडणारी ओढ त्या वजनाच्या अनेकपट होते, आणि तार जितकी अधिक सरळ ठेवावयाचा हट्ट धरावा तितकी ही ओढ वाढते. त्यामुळें रुंद खिडकीवर तारेचा पडदा मध्यें झोळीसारखा होतो. तो दोष तारेचा नाहीं, ती तेथें लावणाराचा आहे.

आतां त्या स्टीलच्या गोल भोंकांविषयीं. सध्यां तयार मिळणारे पुष्कळ पडदे याच प्रकारचे असतात. त्यांना हूकच लागत नाहीं, दांडा सरळ भोंकांतून ओंवतात. दिसण्यांत ते सुबक असतात, सरकतातही छान. भोंकांची संख्या मात्र सम पाहिजे, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात; विषम असली तर एक कड खोलीकडे तोंड करून राहते. परंतु त्यांच्यांत दोन उणिवा आहेत. मुख्य उणीव मघांशीं सांगितली: कापड आणि दांडा यांच्यामध्यें सुटणारा नाजूक दुवा तेथें नाहीं. दुसरी अशी कीं, पडदा धुवावयास काढावयाचा तर सबंध दांडा उतरवावा लागतो. सहा फुटांचा दांडा दोन्ही टोंकांनीं एकदम उचलणें हें दोन माणसांचें काम. घरांत म्हाताराम्हातारी दोघेंच असलीं तर दोघांनींही स्टुलावर चढावें लागतें, आणि आमच्या वयांत स्टुलावरून पडणें म्हणजे खुब्याचें हाड. हुकांचा पडदा एका माणसाला, दांडा जागेवर ठेवून, एकेक हूक सोडवीत उतरवितां येतो. घरांत वृद्ध माणसें आहेत त्यांनीं तरी नवे पडदे घेतांना एवढा विचार करावा.

आणखी एका ठिकाणीं हुकाला पर्याय नाहीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत मधोमध पडदा लावून दोन खोल्या करण्याची रीत मुंबईच्या चाळींत जुनी आहे. तेथें तो पडदा शोभेचा नसतो. त्याच्या एका बाजूला परीक्षेचा अभ्यास चालतो, दुसऱ्या बाजूला आजारी माणूस निजलेलें असतें, आणि नव्या जोडप्याचा तर तोच संसार. असा पडदा दहा फूट रुंद असावयाचा. इतका लांब दांडा मध्यें आधार दिल्यावांचून वांकतो, आणि मधल्या आधाराशीं कड्या अडतात. म्हणून तेथें छताला पन्हळीची पट्टी लावावी. तिला दर दीड-दोन फुटांवर वरून स्क्रू घेतां येतो, सरकत्या गोट्या तिच्या पोटांतून अडथळ्यावांचून जातात, आणि त्यांत हूक अडकवावयाचे. रुग्णालयांत खाटांभोंवतीं पडदे असतात ते याच पद्धतीचे. दोन हुकांमधील अंतर येथें ३ इंचांहून अधिक ठेवूं नये, नाहींतर मधले कापड खालीं झुकतें आणि वरून फट राहते.

भाड्याच्या घरांत भिंतीला भोंक पाडण्याची मनाई असते, म्हणून चिकटवावयाचे हूक घेतात. गुळगुळीत फरशीवर किंवा कांचेवर ते टिकतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ते भिंतीला चिकटत नाहींत, रंगाला चिकटतात. आणि पावसाळ्यांत रंग भिंतीला सोडतो. त्यापेक्षां खिडकीच्या दोन बाजूंच्या भिंतींमध्यें दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा घ्यावा, हलका पडदा असेल तर.

राहिली धातूची गोष्ट. मुंबईच्या किंवा कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत साधा लोखंडी हूक पहिल्या पावसाळ्यांतच तांबेरतो, आणि त्याचा डाग कापडावर उतरतो. मुलामा दिलेला हूक नवा असतांना चकाकतो, पण टोंकाशीं मुलामा खरवडला गेला कीं तेथून गंज धरतो. पितळी हूक कधींमधीं हिरवा पडतो, तरी चिंचेनें घांसला कीं पुनः वापरतां येतो. स्टेनलेस स्टील सर्वांत निर्धोक. नायलॉनचा हूक गंजत नाहीं. मात्र पश्चिमेच्या खिडकींत कांहीं वर्षें ऊन खाऊन तो ठिसूळ होतो. दसरा-दिवाळीच्या साफसफाईंत प्रत्येक हूक बोटांनीं थोडा वांकवून पाहावा. कट्कन मोडला तर त्याच वेळीं सगळेच बदलावे. फ्यूज नाजूक असावा, पण कुजका नसावा.

धुण्यापूर्वीं सर्व हूक काढून मोजावे. धुण्याच्या यंत्रांत एक टोंचणीचा हूक राहिला तर तो पडद्याबरोबर इतर कपडेही फाडतो. पडदा ओला टांगून तेथेंच वाळवूं नये. हातानें पिळलेल्या सुती कापडांत त्याच्या वजनाइतकें पाणी राहूं शकतें, म्हणजे भार दुप्पट. शिवाय ओलें कापड आणि धातू यांची गांठ पडली कीं डाग ठरलेला. गंजाचा डाग पडलाच तर त्यावर लिंबू पिळून मीठ घालावें, उन्हांत ठेवावें आणि मग धुवावें. रंगीत कापडाचा रंगही यानें जाऊं शकतो, तेव्हां आधीं कोंपऱ्यावर करून पाहावें. पडदा पुनः लावतांना तो खांद्यावर टाकावा, म्हणजे त्याचें ओझें हातांवर येत नाहीं. दोन्ही टोंकांचे हूक आधीं अडकवावे, मग मधला, आणि नंतर बाकीचे. स्टूल पक्कें असावें आणि तें धरण्यास खालीं कोणीतरी असावें.

हूक घेतांना हिशेबापेक्षां पांच-सहा अधिक घ्यावे. त्याच घडणीचे हूक दोन वर्षांनीं मिळतीलच असें नाहीं. ते एका डबींत घालून, डबीवर कोणत्या खिडकीचे आहेत आणि पट्टीच्या कोणत्या ओळींत घालावयाचे आहेत हें लिहून ठेवावें.